दुपारी दोनचा हॉर्न

"सीट आजही पुढे सरकलेली आहे," जीपमध्ये डोकं खुपसून वैभवी म्हणाली. "चाचा एवढे उंच, त्यांची सीट कायम मागे असते. म्हणजे कालही कोणी तरी जीप चालवली."

"बुटक्या माणसानं," युसरा म्हणाली आणि भावाकडे बघून तिनं जीभ चावली.

तेरा वर्षांचा झाला तरी अमान वर्गात सगळ्यांत बुटका होता, आणि सगळी भानगड तिथंच होती.

कामरगावच्या स्टँडवर लिंबाखाली उभी राहणारी ही जीप अमान आणि युसराच्या वडिलांची, जमशेदचाचांची. कामरगाव ते कारंजा, दिवसाला चार फेऱ्या. दुपारी जेवून चाचा स्टँडमागच्या घरात तासभर आडवे व्हायचे. आठ दिवसांपासून नेमक्या त्याच तासात कोणी तरी जीप घेऊन जायचं आणि गुपचूप आणून ठेवायचं. डिझेलचा काटा खाली, चाकांना शेताकडच्या पांदणीचा फुफाटा. स्टँडवरची जीप हलली तर कोण लक्ष देतो? ती उभीच असते जाण्यासाठी!

मागच्या वर्षी अमाननं एकदा न विचारता जीप सुरू केली होती. त्यामुळे या वेळी चाचांनी त्याला विचारलंही नाही. सुट्टी संपली की याची रवानगी मंगरूळपीरच्या होस्टेलात, एवढं सांगून त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं. बापानं दोन रट्टे दिले तर पोरगं संध्याकाळपर्यंत विसरतं. बाप गप्प बसला की मात्र घास घशाखाली उतरत नाही.

"तू नाही ना नेली?" वैभवीनं विचारलं.

"तूबी मलेच इचारतं?" अमान म्हणाला.

वैभवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाशीमची, पण दर उन्हाळ्यात मामांकडे आली की या दोघांशिवाय तिचं पान हलत नसे. आणि तिनंही चाचांसारखाच संशय घेतला होता. आता खरा माणूस शोधायलाच हवा, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

जीपला रिमोटचा जुना अलार्म होता, पण त्याचा सायरन केव्हाच बंद पडला होता. तिघं समोरच्या दुकानात गेले. तिथं जुबेदाफुपी, म्हणजे चाचांची थोरली बहीण, गाड्यांचं वायरिंग करायची.

"नवा सायरन लावून काय फायदा?" फुपी म्हणाली. "इथं हरेक मोटरसायकल दिवसभर तशीच बोंबलते. कोणी मान वर करून पाह्यत नाई."

तेवढ्यात चाचांनी फेरीसाठी हॉर्न दिला. चहा अर्धा टाकून, पिशव्या सावरत माणसं चारी बाजूंनी जीपकडे पळाली. वैभवी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"फुपी, सायरनऐवजी हा हॉर्नच वाजला तर? जीप सुटली असं समजून अख्खं गाव धावत येईल."

फुपीनं हातातली पक्कड खाली ठेवली. "डोकं हाय पोरीले," ती म्हणाली. "पण सायरनची तार सरळ हॉर्नले जोडली तं अलार्मचा डबा जळन. हॉर्न लय करंट खाते. मधात रिले लागते."

"रिले कायले?" युसरानं विचारलं.

"रिले म्हंजे दरवाजा. अलार्मनं नुसती कडी काढाची. मंग बॅटरीचा मोठा करंट रिलेतून हॉर्नले जाते."

दुसऱ्या दिवशी चाचा चहाला गेले तेव्हा फुपीनं बॅटरी तपासायच्या नावानं बॉनेट उघडलं, फ्यूज घालून नवी तार ओढली आणि ठोकळ्याएवढा रिले घट्ट बसवला. "खोटं नाई बोलली मी," हात पुसत ती म्हणाली. "बॅटरीबी पाह्यली."

दुपारी काय करायचं ते वैभवीनं ठरवलं होतं. "अमान, तू अब्बांच्या उशाशी बसायचं. हॉर्न वाजला की त्यांचे डोळे उघडतील, आणि समोर तू दिसशील."

दोन वाजले. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. चाचा आडवे होताच अलार्म लावून वैभवी आणि युसरा फुपीच्या दुकानातून रिमोट धरून बघत होत्या. स्टँडला लागून असलेल्या कृषी केंद्रातून एक माणूस बाहेर आला, इकडंतिकडं बघत जीपजवळ गेला आणि त्यानं खिशातून चावी काढली. ते वैभवीचे मामा होते, कृषी केंद्र चालवणारे किसनसिंगमामा.

त्यांनी दार उघडलं मात्र, हॉर्ननं आभाळ दणाणून सोडलं!

घराघरांतून माणसं निघाली. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या डोक्यावर गाठोडं. "आज लवकर सुटली का गाडी?" म्हणत सहा-सात जण मागे चढूनही बसले. एका आजीनं तर मामांनाच खिडकीची जागा मागितली. युसरा हसून हसून खाली बसली. वैभवीला हसू आलं नाही. तिनं रिमोट दाबून हॉर्न बंद केला आणि ती जीपजवळ गेली.

चाचा अनवाणीच धावत आले. मागे अमान होता.

"दार उघडं दिसलं, म्हून लावाले आलतो," मामा म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. किसनसिंग म्हणजे गावातला शब्दाचा माणूस. वैभवी गप्प राहिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि अमान होस्टेलात गेला असता. पण तो तिचा सख्खा, लाडका मामा होता.

"मामा," ती म्हणाली, "दार बंद होतं. तुम्ही चावीनं उघडलं. ती अजून तुमच्या हातात आहे."

मान खाली घालून मामांनी सगळं सांगितलं. चाचांनीच कधी तरी जीपची दुसरी चावी त्यांच्या दुकानात ठेवायला दिली होती आणि मग ते साफ विसरले होते. मामांना गाडी शिकायची होती. पंचेचाळिशीत शिकतो म्हणून लोक हसतील, या भीतीनं ते भर उन्हात पांदणीत शिकत होते. उंची कमी, म्हणून सीट पुढे.

"शिकाचं होतं तं मले सांगतं," चाचा म्हणाले. "मी नसतं शिकवलं?"

मग ते अमानकडे वळले. "मी उठलो तं हा माया उशाशी पुस्तक घेऊन बसला होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बेटा, माफ कर. मी तुले इचारलंबी नाई."

आठ दिवस एकदाही न रडलेला अमान तेव्हा हमसून हमसून रडला. चाचांनी त्याला जवळ घेतलं. फुपीनं वैभवीच्या पाठीवर हात ठेवला. "वायरिंग मी बी करतो पोरी, पण ही गोष्ट माह्यानं झाली नसती," ती म्हणाली.

गर्दी पांगल्यावर मामा दुकानाच्या पायरीवर बसले. वैभवी शेजारी जाऊन बसली.

"रागावलात?"

"तुयावर?" मामा म्हणाले. "जमशेद पोरासंग बोलत नव्हता, अन् मी पाहून राह्यलो होतो. रोज वाटे, उद्या सांगू. तू बोलली नसती, तं मी उद्याबी गप्पच बसलो असतो."

ते उठले, पण पाऊल पुढे टाकेनात.

"अमानची माफी मागाची हाय," ते म्हणाले. "एकट्यानं जाची हिंमत होऊन नाई राह्यली मले. तू येतं का संग?"

वैभवीनं त्यांचा हात धरला आणि दोघं चाचांच्या घराकडे निघाले.