चाळणीतून गळलेली हाक

कातळवाडीच्या किनारा-केंद्रात आताशा दिवसभर शांतता असे. गुणाजी ओतवणेकर तिथे बावीस वर्षं रेडिओवर कान देऊन बसत आले होते. पूर्वी त्यांच्या टेबलावरची संकटाची घंटा दिवसातून तीस-चाळीस वेळा वाजायची आणि त्यातली खरी एखादीच निघायची. दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या संगणकात खोट्या हाका गाळणारी ‘चाळण’ बसली, आणि घंटा जवळजवळ मुकी झाली. आता ओतवणेकर सकाळी शब्दकोडं घेऊन बसत, दुपारी जेवणाचा डबा निवांत संपवत. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

त्या मंगळवारी सकाळी मात्र शब्दकोड्याची घडी तशीच पडून होती. समोरच्या खुर्चीत पुण्याहून आलेली मुक्ता गाडेकर बसली होती. चाळण तिनेच लिहिली होती.

एकोणीस दिवसांपूर्वी, ऑक्टोबरच्या अवकाळी वादळात ‘श्री रवळनाथ’ नावाची मच्छीमार नौका चार माणसांसह बेपत्ता झाली. आठवड्याने तिचा फुटका सांगाडा किनाऱ्याला लागला. त्यात पिवळं हाकयंत्र सापडलं. प्रत्येक नौकेवर सक्तीचं केलेलं हे मुठीएवढं यंत्र. बटण दाबलं की ते किनाऱ्याला हाक मारू लागतं. सापडलं तेव्हा त्याची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. केंद्राला हाक ऐकू आली नव्हती, म्हणजे यंत्र समुद्रात नेतानाच मेलेलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. नौकेचे तांडेल भालचंद्र मालंडकर यांनी बॅटरी न भरता तीन माणसांना समुद्रात नेलं, असं गावात उघड बोललं जाऊ लागलं. त्या तिघांच्या घरच्यांनी मालंडकरांच्या घराकडे पाठ फिरवली.

“तू फक्त नोंदी बघून ये,” मुक्ताचे वरिष्ठ सबनीस तिला म्हणाले होते. “आपल्या बाजूने काही नाही, एवढं एका पानात लिहून दे.”

तेच पान लिहायला ती आली होती. घंटेची नोंदवही तिने तपासली. त्या दोन दिवसांत एकही हाक नव्हती.

“तुमच्या या चाळणीत टाकलेलं कुठे जातं?” ओतवणेकरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. दोन वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं, इतकंच.

“वेगळ्या साठ्यात. नव्वद दिवस राहतं, मग पुसलं जातं.”

“ते कोणी बघतं का?”

“नाही,” मुक्ता म्हणाली. “बघायची गरज पडू नये, म्हणून तर चाळण.”

बोलता बोलता तिने तो साठा उघडला.

प्रत्येक रेडिओ-ग्राहकात मिश्रक नावाचा एक भाग असतो. तो आलेल्या संकेतात ग्राहकाच्या स्वतःच्या दोलकाची लहर मिसळतो आणि वाचायला सोपा, खालच्या वारंवारतेचा संकेत तयार करतो. पण मिसळताना नको ते गुणाकारही होतात. एकाची तिप्पट, दुसऱ्याची दुप्पट, त्यांची वजाबाकी. आणि कोणीही न पाठवलेला संकेत पडद्यावर उभा राहतो. मुक्ता त्याला मायासंकेत म्हणायची. चार वर्षांपूर्वी अशाच एका मायासंकेतामागे बचावनौका भर वादळात गेली होती आणि तिच्यावरचे दोन खलाशी परतले नव्हते. ती बातमी वाचून मुक्ताने हे काम हाती घेतलं. परिसरातल्या सगळ्या प्रक्षेपकांची यादी चाळणीला द्यायची. कोणत्या क्षणी कुठे मायासंकेत उमटेल, याचं भाकीत चाळण आधीच करते, आणि त्या जागी जे येईल ते वाचायच्या आत टाकून देते.

वादळाच्या दिवशी सकाळी दहा चाळीसला चाळणीने एक संकेत टाकायला सुरुवात केली होती. कारण लिहिलं होतं: डोंगरावरच्या दूरसंचार मनोऱ्याची तिप्पट, उणे दोलकाची दुप्पट. खात्री, शंभरात नव्व्याण्णव. पुढचे छत्तीस तास ती दर मिनिटाला तेच टाकत राहिली होती.

मुक्ताला त्यात वावगं दिसलं नाही. मनोरा तिथेच होता, गणितही बरोबर होतं. ती नोंद बंद करणार, एवढ्यात ओतवणेकर वाकून म्हणाले, “हा मनोरा दुसऱ्या दिवशी बंद होता की. अकरा ते एक. वादळाने काहीतरी मोडलं होतं. माझा फोन लागत नव्हता म्हणून लक्षात आहे.”

“नक्की?”

“बायको दवाखान्यात होती. तिला फोन लावत होतो सारखा.”

मुक्ताने अकरा ते एकच्या नोंदी काढल्या. मनोरा बंद असेल, तर त्याची माया उमटायलाच नको होती. पण अकरा वाजून एक मिनिट, दोन, तीन, चार… संकेत जागचा हलला नव्हता. चाळणीपाशी प्रक्षेपकांची यादी होती. त्यातला कोणता या क्षणी चालू आहे, हे चाळणीला ठाऊक नव्हतं.

साठ्यात जसंच्या तसं राहिलेलं संकेताचं कच्चं मुद्रण वाचायला मुक्ताला दहा मिनिटं लागली. संकेतात ठिकाण होतं आणि यंत्राचा क्रमांक होता. सांगाड्यात सापडलेल्या यंत्राचाच. सहा वर्षं खाऱ्या हवेत राहून त्याच्या स्फटिकाची वारंवारता जराशी सरकली होती, आणि सरकून नेमकी मनोऱ्याच्या मायेच्या जागी येऊन बसली होती.

ओतवणेकर खुर्चीत बसले. “म्हणजे तो हाक मारत होता.”

“हो.”

“आणि मी इथे होतो. दोन्ही दिवस मीच होतो.”

मुक्ताला आठवत होती ती वेगळीच गोष्ट. पहिल्या आराखड्यात तिने एक पारख ठेवली होती. टाकण्याआधी दोलकाची वारंवारता किंचित हलवून बघायची. खरा संकेत तेवढाच हलतो, मायासंकेत दुपटीने-तिपटीने उडी मारतो. पण त्याला चार सेकंद लागत आणि तेवढा वेळ केंद्राला दुसरं काही ऐकू येत नसे. “अधूनमधून बहिरं होणारं यंत्र कोण घेईल?” असं सबनीस म्हणाले होते. तिने थोडा वाद घातला, मग स्वतःच्या हाताने ती पारख काढून टाकली आणि प्रमाणपत्रावर सही केली.

मुद्रणात आणखी काहीतरी होतं. हाकयंत्र मिनिटाला एकदा आपणहून बोलतं. पण कोणी हाताने बटण दाबलं, तर मध्येच तीन ठोके जास्तीचे येतात. पहिल्या तासात असे ठोके सव्वीस वेळा आले होते. मग तासाला पाच-सहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तासा-दीड तासाने एकदा. शेवटचे ठोके दुपारी तीन पन्नासला होते. त्यानंतर यंत्र एकटंच बोलत राहिलं, रात्री दहा चाळीसला बॅटरी संपेपर्यंत.

“एकोणतीस तास कोणीतरी बटण दाबत होतं,” ओतवणेकर म्हणाले. “वादळ पहिल्याच दिवशी दुपारी ओसरलं होतं. आपली बचावनौका तिथवर तीन तासांत पोचते.”

मुक्ताने सबनीसांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “वकिलांशी बोलेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. आणि मुक्ता, त्या घरांचाही विचार कर. नौका उलटली तेव्हाच सगळे गेले, असं त्यांना वाटतंय. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे.”

“आणि चाळण?”

“चौदा केंद्रांवर आहे ती. बंद केली तर पुन्हा दिवसाला चाळीस खोट्या घंटा. पुन्हा कोणीतरी वादळात बाहेर जाईल. बंद करणार आहेस?”

तिने फोन ठेवला. सबनीसांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

मालंडकरांचं घर बंदरापासून दहा मिनिटांवर होतं. ओतवणेकर सोबत आले, पण कुंपणापाशीच थांबले. भालचंद्रांची बायको शालन पडवीत बसली होती. पन्नाशीची, अंगाने बारीक. तिने मुक्ताला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काही विचारायच्या आधी मुक्ताच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“बाय, माका एकच सांगा,” ती म्हणाली. “तेना बटण दाबल्यान काय?”

वाटेत मुक्ताने तीन-चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी निरुपयोगी झाली.

“दाबलं,” ती म्हणाली. “यंत्र चालू होतं. बॅटरी भरलेली होती. त्यांची काहीच चूक नव्हती.”

शालनने डोळे मिटले. एकोणीस दिवसांनी तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मुक्ताला दिसलं. इथेच थांबता आलं असतं.

“मगे तुमका आयकाक कसा नाय इला?”

“आम्हाला आलं होतं. मी केलेल्या यंत्राने ते खोटं समजून टाकून दिलं.”

“किती वेळ?”

मुक्ताने सांगितलं. दोन्ही दिवसांचं, सव्वीस वेळांचं, तीन पन्नासचंही. ती आकडे वाचावेत तशी बोलत गेली. शालन रडली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कुंपणाबाहेर ओतवणेकर दगडावर बसून राहिले होते. त्यांची मान वर होत नव्हती.

“ह्या तुमी लिवन देशात?” शालनने विचारलं. “त्या तिगांच्या घरी दाखवक होया.”

“देते. माझ्या सहीने देते.”

मुक्ताने तिथेच कागद काढला आणि लिहिलं. लिहिताना सबनीसांचा फोन दोनदा वाजला. तिने तो घेतला नाही. शालनने कागद हातात घेऊन सावकाश वाचला, घडी घातली आणि उठता उठता थांबली.

“ता मशीन आज चालू आसा?”

“हो,” मुक्ता म्हणाली.

“आज सकाळपासना तेना किती टाकल्यान?”

निघताना मुक्ताने आकडा पाहिला होता. “सतरा.”

शालनने समुद्राकडे पाहिलं. सकाळी गेलेल्या नौका अजून परतायच्या होत्या.

“मगे तेच्यात कोण कोण असात, बाय?”