डाव्या डोळ्याचं रीळ

अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या एका लॅबमध्ये जुने सिनेमे स्कॅन करून एकेक फ्रेम साफ केली जाई. इशिता आणि यशोधनकडे सत्तर वर्षांपूर्वीचा एक थ्रीडी सिनेमा आला होता, गाजलेल्या सागरी साहसकादंबरीवरचा. अशा सिनेमाची रिळं दोन: डाव्या डोळ्याचं आणि उजव्या डोळ्याचं. उजवं इशिता करत होती, डावं यशोधन.

एप्रिलमध्ये एक माणूस कमी करायचं ठरलं. मॅनेजरने विचारलं तेव्हा इशिता म्हणाली, "यशोधन स्लो आहे." त्यालाच काढलं. व्हिसाने दिलेल्या साठ दिवसांत त्याला दुसरी नोकरी मिळाली नाही. मुदत संपली आणि तो बायको-मुलीला घेऊन नागपूरला परतला.

डावं रीळही मग तिच्याकडे आलं. बेटावर सात खलाशी होडी वाळूवर ओढतात, त्या दृश्यात मागे झाडांपाशी आठवा माणूस पाठमोरा उभा होता. उजव्या रिळात तिथे नुसती झाडं. कॅमेऱ्याच्या दोन लेन्समधलं अंतर जेमतेम अडीच इंच. एकीला दिसलेला माणूस दुसरीला दिसू नये, हे शक्यच नव्हतं.

तिने तो माणूस फ्रेममधून पुसून टाकला. दीडशे फ्रेम्स, अख्खा दिवस गेला. सकाळी फाइल उघडली तर तो होताच. झाडांच्या जरा अलीकडे.

पुन्हा पुसला, पुन्हा आला. तिने नागपूरला फोन लावला.

"पाठमोरा ना?" यशोधनने शांतपणे विचारलं. "मी तुला बघायला बोलावलं होतं. तू म्हणालीस, डोळे तपासून घे."

"तूही पुसून टाकलंस त्याला?"

"अकरा वेळा. म्हणून तर स्लो होतो."

तिने स्क्रीनवरची फाइल बंद केली.

"आता तू सांग मॅनेजरला," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिने सांगितलं नाही. तिचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं होतं. रिपोर्टवर 'ओके' लिहून तिने सही केली. तोवर तो माणूस होडीपाशी पोचला होता आणि पाठमोरा राहिला नव्हता.

प्रीव्ह्यू शुक्रवारी दुपारी दोनला होता. चाळीसेक माणसं, सगळ्यांना काळे चष्मे. इशिता शेवटच्या रांगेत मधोमध बसली. होडीचं दृश्य आलं. तिने खलाशी मोजले. सात. पुन्हा मोजले. सातच.

तिने श्वास सोडला.

पहिल्या रांगेतल्या एकाने पाय आत ओढले, थिएटरात कुणाला वाट द्यावी तसे. मग त्याच्या शेजारच्याने. मग मागच्या रांगेत दोघांनी.

पडद्यावरची नजर कुणीच हलवली नव्हती.

इशिताच्या शेजारच्या बाईंनी मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली, गुडघे बाजूला वळवले आणि त्या हळूच कुणाला तरी "सॉरी" म्हणाल्या.