समूची आया

“गुरुवारी अकरा वाजता दोघांनीही या म्हणते शाळा,” शिल्पानं मोबाइलवरचा निरोप मोठ्यानं वाचला, आणि माधवरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

त्यांच्या मुलानं, सुजयनं, मान वर केली. “काहून? समूनं काही केलं का?”

“समूनं नाही जी. नगर निगमाची समिती येऊन राहिली. विशेष मुलांसाठी जे मंजूर आहे, ते पोरांपर्यंत पोचते का नाही, हे पाहाले. आयाबद्दल आई-बापालेच विचारणार आहेत. नीट सांभाळते का, संडासले नेते का...”

आया...! माधवरावांनी घास परत ताटात ठेवला. त्यांच्या शेजारी आठ वर्षांची नात समृद्धी, घरच्यांची समू, वरणात बोट फिरवत स्वतःशीच गुणगुणत बसली होती. ती बोलत नसे. तिला जे हवं ते तिच्या डोळ्यांवरून ओळखावं लागे, आणि ओळखायला उशीर झाला की ती डोकं भिंतीवर आपटून घेई.

“मामाजी, तुम्ही तर रोज सोडता तिले,” शिल्पा सासऱ्याला म्हणाली. “कशी आहे आया?”

“चांगली आहे.”

“नाव काय तिचं?”

“नाव... नाव नाही विचारलं.”

“वर्षभर? अन् पत्ते खेळणाऱ्या दोस्तायच्या नातवायची नावं तोंडपाठ असतील तुम्हाले!”

सुजय हसला नाही. “हथखोजच्या कारखान्यात गार्डचं काम पाहून दिलं होतं, तेही नको म्हणले. बसून पत्ते कुटण्यापेक्षा माणसानं काहीतरी करावं, बाबा. मी रसमड्याच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहतो, ही दवाखान्यात उभी राहते. घरात एकच माणूस मोकळा आहे.”

माधवराव समूचं बोट पुसू लागले. बोलायला गेले असते तर सगळंच बाहेर पडलं असतं.

कारण खरं हे होतं की शाळेत आया नव्हतीच.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची बायको, जया, गेली. चौतीस वर्षं जिनं घर धरून ठेवलं, ती चार दिवस दवाखान्यात राहून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “पोरगी घरातच झोपली पाहिजे हो... कुठं पाठवू नका.” माधवरावांनी तिचा हात धरून हो म्हटलं. आणि तेराव्यानंतर आठवडाही झाला नसेल तोच सुजय म्हणाला, “शाळेत आया आहे तोवर ठीक आहे. ज्या दिवशी आया नसेल, त्या दिवशी समूले नागपूरच्या वसतिगृहात ठेवायचं. मी चौकशी करून ठेवली आहे.”

शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका तारा मॅडम फाटकातच भेटल्या. “आया छोड़ के चली गई, दादाजी. नई का पता नहीं. बच्ची को घर ले जाइए, नहीं तो आप खुद बैठिए.” माधवराव बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. विशेष मुलांच्या त्या खोलीत समूसारखीच आणखी दोन लेकरं होती. त्यांचीही नाकं पुसायला, त्यांनाही पाणी पाजायला ते शिकले. घरी मात्र सांगितलं, पोरीला सोडून मी रिटायर मंडळींत पत्ते खेळायला जातो. लोकांना खरं वाटलं. म्हातारा माणूस पत्ते खेळतो यात कुणाला काय शंका येणार!

बोलणी खायची त्यांना सवय झाली होती. भीती दुसरीच होती... रोज सकाळी फाटकाशी पोचेपर्यंत त्यांना वाटे, आज कुणीतरी पाहील, आज सुजयच्या कानावर जाईल, आणि संध्याकाळी समूची बॅग भरलेली दिसेल. आणि आता तर सुजय स्वतःच शाळेत येणार होता!

दुसऱ्या दिवशी ते तारा मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. त्याही घाबरलेल्या होत्या.

“दादाजी, उस दिन आप मत दिखिए. गीताबाई झाड़ू लगाती है न, उसको अच्छी साड़ी पहना के बिठा देंगे. आधे घंटे की बात है. कमरा बंद हो गया तो तीनों बच्चे घर बैठेंगे, सोच लीजिए.”

माधवरावांनी फार विचार केला नाही. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या ऑफिसात गेली होती. तिथं मोठे साहेब पाहणीला येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागायचा, कुंड्यांना गेरू लागायचा, आणि प्रत्येकजण इस्त्रीचे कपडे घालून यायचा. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. पाहणी म्हणजे सगळं ठीक दाखवायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. साहेब जातात, काम चालू राहतं. त्यांनी मान हलवली.

गुरुवारी त्यांनी समूला गीताबाईच्या हाती दिलं. समूनं एकदा गीताबाईच्या निळ्या साडीकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट सोडेना. त्यांनी तिचं एकेक बोट उकललं. मग ते रस्ता ओलांडून भजीच्या ठेल्यामागे, निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला जाऊन उभे राहिले.

“का होगे बबा, आज भीतरी नइ जावस?” ठेलेवाल्यानं शाळेच्या फाटकाकडे बोट दाखवत विचारलं.

“आज सुट्टी आहे मले,” माधवराव म्हणाले.

“सबो झन ला सुट्टी मिलथे, मोला छोड़ के!” एकट्या आपल्यालाच सुट्टी नाही म्हणत ठेलेवाला हसला.

सुजय आणि शिल्पा स्कूटरवरून आले तेव्हा माधवराव ताडपत्रीमागे खाली वाकले. पोटच्या पोरापासून चोरासारखं लपायची वेळ आली होती! पाठोपाठ निगमाची गाडी आली. चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या, त्यांच्याबरोबर दोन माणसं. वॉर्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, संघमित्रा मॅडम येणार असं तारा मॅडम म्हणाल्या होत्या; त्या याच असाव्यात. सगळे आत गेले. फाटक बंद झालं.

माधवराव वाट पाहत राहिले. जया, एवढं निभावून ने... एवढा अर्धा तास निभावून ने, असं ते मनातल्या मनात म्हणत होते.

आणि मग ती किंकाळी आली.

समूचं प्रत्येक रडणं त्यांना ओळखू येई. हे भुकेचं नव्हतं, हट्टाचं नव्हतं; हे बंद दारामागचं होतं. आजी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही, तेव्हापासून समू संडासात गेली की बाहेरून दारावर कुणीतरी एकसारखं थोपटत राहावं लागे. थोपटणं थांबलं की तिला वाटे, बाहेर आता कुणी उरलंच नाही. घरी हे काम माधवराव करत, शाळेतही माधवरावच करत. ही गोष्ट त्यांनी गीताबाईला सांगितलीच नव्हती! इतकी रोजची होती, की सांगायची असते हेच सुचलं नव्हतं.

दुसरी किंकाळी आली, आणि तिच्यामागून पत्र्याच्या दारावर डोकं आपटल्याचा आवाज.

आत गेलो तर सुजयला सगळं कळेल. आज नाही तर उद्या नागपूर... जयाला काय तोंड दाखवू? त्यांनी ताडपत्रीचा बांबू घट्ट धरला. आणि तिसऱ्या किंकाळीला ते कधी पळायला लागले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. एक चप्पल रस्त्यावरच राहिली.

व्हरांड्याच्या टोकाला सगळे जमले होते. गीताबाई रडत होती, सुजय खांद्यानं दार ढकलत होता, शिल्पा “समू, बाळा, कडी काढ” म्हणत गयावया करत होती.

“ढकलू नको!” माधवराव ओरडले. सुजयवर ते जन्मात कधी ओरडले नव्हते. “बाजूले हो.”

त्यांनी तळहात दारावर ठेवला आणि थोपटायला सुरुवात केली. हळू, एका लयीत. “आहे मी... आहे मी, माय. इथंच आहे.” आतलं आपटणं थांबलं. मग रडणं उतरलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. ओला फ्रॉक, कपाळावर टेंगूळ... समू बाहेर आली आणि तिनं कुणाकडेही न पाहता आजोबांचं बोट धरलं.

“आप कौन हैं?” संघमित्रा मॅडमनी विचारलं.

“दादाजी हैं, मैडम,” तारा मॅडम घाईनं म्हणाल्या, “कभी-कभी छोड़ने...”

माधवरावांनी एकदा सुजयकडे पाहिलं.

“मैं इसकी आया हूँ, मैडम.”

बरोबरच्या माणसांपैकी एक जण हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाही.

“मैं तो झाड़ू लगाथौं, मैडम,” गीताबाई पदर डोळ्यांना लावून, लेकरांच्या खोलीकडे हात करत म्हणाली. “सब्बो लइका ला इही बबा देखथे. साल भर हो गे.”

“बाबा...” सुजय दारापासून मागे सरला. “तुम्ही? कधीपासून?”

“शाळा उघडली तवापासून.”

“अन् ते पत्ते?”

“मले पत्ते येतच नाही रे.”

शिल्पानं तोंडावर हात ठेवला. एवढे दिवस काय काय बोललो, ते सगळं तिच्या डोळ्यांत एकदम उभं राहिलं असावं. ती खाली बसली आणि समूला जवळ घ्यायच्या निमित्तानं तिनं तोंड लपवलं.

“मले काहून नाही सांगितलं?” सुजय जवळजवळ किंचाळला. “बापालेच नाही सांगायचं?”

“सांगितलं असतं तर तू तिले नागपूरले पाठवली असती. तुझ्या आईले मी हो म्हणलं होतं, सुजय! ती पोरगी घरातच झोपली पाहिजे...”

“मी तुमच्यासाठी म्हणलं होतं, बाबा!” सुजयच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “आई गेली, तुम्ही रात्री जेवत नव्हते, भिंतीकडे पाहत बसत होते. मले वाटलं, पोरीचा भार तुमच्यावर पडला तर तुम्हीही जाल. मले काय तिले पाठवायची हौस होती? नागपूरचं नाव काढल्यापासून मी एक दिवस नीट झोपलो नाही...!”

माधवराव बघतच राहिले. वर्षभर ज्या माणसाला घाबरून आपण चोरून वागलो, तो माणूसही आपल्याचसाठी घाबरलेला होता! एकाच छपराखाली दोघं, आणि दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नाही.

संघमित्रा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या जवळ आल्या.

“दादाजी, आपके पैर छूने चाहिए. पर एक बात सुन लीजिए. निगम को जो दिखेगा, निगम वही तो ऊपर माँगेगा. साल भर हमको बताया गया कि इस कमरे में आया है. तो नई आया किसने माँगी? किसी ने नहीं. और बाकी दो बच्चों के घर में तो कोई दादाजी भी नहीं हैं.”

माधवरावांची मान खाली गेली. ते दोन्ही चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. ज्या दिवशी ताप होता म्हणून ते आणि समू घरीच राहिले होते, त्या दिवशी त्या लेकरांचं काय झालं असेल... हा विचार त्यांना आजवर शिवलाही नव्हता. चुना लावता लावता त्यांनी भोकही बुजवून टाकलं होतं.

“मैडम,” त्यांनी भीत भीत विचारलं, “कमरा बंद करेंगे क्या?”

“बंद करने नहीं आई. पर अब छिपाना मत. क्या-क्या नहीं है, सब बोलिए.”

ते बोलले. तारा मॅडमच्या देखत, पोराच्या देखत बोलले. संडासाच्या आतल्या कडीपासून ते महिनोन्‌महिने न फिरकलेल्या विशेष मुलांच्या शिक्षिकेपर्यंत सगळं बोलले. तारा मॅडमही शेवटी रडवेल्या होऊन म्हणाल्या, “हम भी डर गए थे, मैडम.”

“आया आते-आते महीना-दो महीना लगेगा,” संघमित्रा मॅडम निघताना म्हणाल्या. “तब तक?”

“मी आहेच,” असं माधवराव म्हणणार, तोच सुजय पुढे आला.

“मैं बैठूँगा, मैडम. रात की पाली माँग लूँगा. हफ्ते में दो दिन इसकी माँ छुट्टी लेगी.”

“तुले नाही जमणार, बाप्पा,” माधवरावांच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्हाले जमलं नं? मग शिकवा.”

गाडी गेली. शाळेच्या नळाशी सुजयनं बाही वर सारली, मग्गा भरला आणि समूच्या पायांवर पाणी ओतायला वाकला. समूनं झटका दिला. मग्गा उडाला. तिनं त्याच्या गालावर नख ओढलं, लाल रेघ उमटली. तिचे डोळे आजोबांना शोधत होते. माधवराव एक पाऊल पुढे झाले, पण शिल्पानं त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात तिनं आयुष्यात पहिल्यांदा धरला होता.

“राहू द्या, मामाजी... राहू द्या. शिकू द्या त्यायले.”

ते थांबले. थांबणं किती अवघड असतं! पोरगी रडत होती आणि त्यांना जागेवर उभं राहायचं होतं. आया येईल की नाही, कोण जाणे. सुजयला रात्रपाळी मिळेल की नाही, कोण जाणे.

“हळू ओत,” ते जागेवरूनच म्हणाले. “आधी तुझ्या हातावर घे, मग तिच्या पायावर. तिले दिसलं पाहिजे, पाणी कुठून येते ते.”

सुजयनं तसं केलं. एकदा केलं, दोनदा केलं, गालावरची रेघ पुसायलाही तो थांबला नाही. हळूहळू समूचे खांदे सैल झाले. आणि मग तिनं, बापाकडे न पाहताच, आपला दुसरा पाय पुढे केला.