डोकं हललं तर काय होतं?

माझी आणि बायकोची पहिली भेट एका चुकलेल्या फटक्यामुळे झाली. ती जाऊन आता आठ महिने झाले. लोक विचारतात, तुमचं जमलं कसं? तेव्हा मी हे सांगतो.

मी गोल्फ शिकवायचो. रस्त्याच्या एका बाजूला आमचं सरावाचं मैदान, दुसऱ्या बाजूला केस कापायचं छोटं दुकान. एका दुपारी माझा चेंडू फाटक्या जाळीतून निघाला आणि त्या दुकानात शिरला. पाच मिनिटांत एक मुलगी रस्ता ओलांडून आली. अंगात एप्रन, बाहीवर कुणाचे तरी केस, हातात चेंडू.

"हा कुणाचा?"

"लागला का कुणाला?"

"टॉवेलांच्या टोपलीत पडला. पण एक बाई अर्धे केस कापून झालेले असताना तशाच पळाल्या. मारला कुणी?"

"एका शिकाऊ माणसानं..." मी म्हणालो. "डोकं हललं त्याचं."

तिनं मैदानभर नजर फिरवली. लांब सावलीत माझे बाबा खुर्चीवर बसले होते. बाकी चिटपाखरू नव्हतं.

"शिकाऊ पण पळाला वाटतं," ती म्हणाली. मग चेंडू परत देता देता थांबली. "पण चेंडू तर हातांनी मारतात. डोक्याचा काय संबंध?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे सांगितलं तसं करायचे.

"शिकायला या, कळेल."

ती खरंच आली. दर गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी.

बाबांनी त्या मैदानावर चाळीस वर्षं शिकवलं होतं. मी त्यांच्याच पद्धतीनं शिकवायचो. शिकणाऱ्याच्या समोर उभं राहायचं, आपल्या गोल्फच्या काठीचं टोक त्याच्या कपाळाला टेकवायचं आणि "मार" म्हणायचं. कपाळ टोकापासून सुटलं की फटका बाद. तिच्या कपाळाला काठी टेकवताना मला जरा जास्तच वेळ लागायचा.

"मास्तर, टेकवताय की नेम धरताय?"

"तुम्ही हसताय म्हणून हलतंय."

"तुम्ही असं बघताय म्हणून हसतेय."

तिसऱ्या गुरुवारी मात्र ती मान चोळत आली. चार फटके मारले आणि काठी खाली ठेवली.

"डावीकडे वळता येत नाही मला. मास्तर, रोज पंधरा डोकी माझ्या हातातून जातात. हलू नका म्हटलं की माणूस ताठतो. मान ताठली की खांदे, मग पाठ. म्हणून मी तसं कधी म्हणतच नाही."

"मग काय करता?"

"काल काय जेवलात ते विचारते. मान आपोआप सैल पडते."

"पण डोकं हललं तर—"

"थोडं हललं तर काय होतं? तुम्ही पाहिलंय, की नुसतं ऐकलंय?"

मी ऐकलंच होतं.

"माझं पोट कात्रीवर आहे," ती म्हणाली. "मान अशीच धरणार असेल तर पुढच्या गुरुवारी नाही यायची मी."

माझी पंचाईत झाली. बाबांच्या देखत बाबांचं शिकवणं खोटं म्हणू, की हिला जाऊ देऊ? मी विचार करत होतो तोवर ती बाबांपाशी पोचलीही होती.

"बाबा, एक फटका मारून दाखवता? मी डोक्यावर हात ठेवते. स्थिर डोकं हाताला कसं लागतं ते बघायचंय."

बाबा खुशीत उठले, टोपी काढली. तिनं समोर उभं राहून हात लांब केला आणि तळवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला. बाबांनी मारला. चेंडू सुतासारखा सरळ गेला. मी चेंडूकडे बघितलंच नाही. काठी मागे गेली तसा तिचा हात दोन बोटं बाजूला सरकला, परत आला, आणि चेंडू उडाल्यावर डोक्याबरोबर वळला.

"हललं?" बाबांनी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "अगदी खुंटीसारखं."

मग माझ्याजवळ येऊन तिनं पिशवी उचलली. "बाबांचं बरोबर आहे. माझ्याच मानेला झेपणार नाही. येते मास्तर."

ती फाटकाकडे निघाली. मी तिथंच उभा.

"पोरगी गोड आहे," बाबा टोपी घालत म्हणाले. "पण खोटं बोलते."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक आहे?"

"डोकं माझं आहे, मला नाही कळणार? अरे, नवखा माणूस चेंडू कुठे गेला ते बघायला आधीच मान वर करतो. त्याला 'थोडं हलव' म्हटलं तर हातभर हलवेल. 'हलवूच नको' म्हटलं की बोटभर हलतो. तेवढं हलायलाच हवं. पण काठी पहिल्या दिवशी टेकवायची असते. एकच दिवस! तू तीन आठवडे काय टेकवत बसलायस?"

एका दिवसाचं मला माहीत होतं. मी विसरलो होतो. खरं म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

मी धावलो. ती फाटकाशी पोचली होती.

"बाबांचं डोकं हललं होतं. मी पाहिलं."

"माझ्याच हाताखाली होतं ते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"चाळीस वर्षांचं शिकवणं मी एका तळव्यानं खोडू? आणि तेही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर?"

मी एकदम बोलून टाकलं. "तुमची मान माझ्यामुळे धरली. काठी एकच दिवस टेकवायची असते."

तिनं भुवया उंचावल्या. "मग तीन आठवडे?"

"काठी धरली की... तुमच्यासमोर उभं राहता येतं."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"समोर उभं राहायला काठी कशाला लागते?" ती म्हणाली.

त्यानंतर एकतीस वर्षं काठी लागली नाही.