एकतीस नंबरचा दिवा

मी ताईकडे गेलो होतो तो शिडी आणायला. दुसरं काही मनात नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, याला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि हा गप्प बसला. गप्प बसलो हे खरं. पण ठाऊक काही नव्हतं, आणि आजही नाही.

मी नेटवाला. आमच्या भागातल्या अठ्ठेचाळीस घरांत माझी वायर जाते. लोक मला नावाने हाक मारत नाहीत. "नेटवाले, गोल गोल फिरतंय हो!" हीच माझी ओळख. लग्न केलं नाही, कारण अठ्ठेचाळीस घरांचा संसार अंगावर असताना एकोणपन्नासावं कुठे मांडायचं? हा माझा ठरलेला विनोद. आता कुणी हसत नाही, पण मी करतो.

त्या दिवशी सकाळी कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. शहरात काहीतरी गडबड झाली होती, वरून हुकूम निघाला होता, पुढची सूचना येईपर्यंत सगळ्यांचं नेट बंद. मोबाइलचं पहाटेच गेलं होतं. परदेशातून साधे फोनही लागत नव्हते, शहराचा रस्ता बंद, गाड्याही थांबलेल्या. "मेन वायर काढा," साहेब म्हणाले, "आणि रोज संध्याकाळी फोन करून सांगा, सगळं बंद आहे म्हणून."

माझ्या कामाच्या खोलीत भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात घराघरांच्या वायरी येतात आणि प्रत्येक वायरीच्या बुडाशी एक हिरवा दिवा, बाजरीच्या दाण्याएवढा. खोलीत सदानकदा गरम धुळीचा वास असतो आणि पंख्याची बारीक घरघर. मी मेन वायर उपसली. दिवे एकदम विझले. घरघर थांबली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत माझाच श्वास ऐकू आला.

एक दिवा मात्र चालू होता. एकतीस नंबर.

मी एकतीसची वायर काढून हातात घेतली. दिवा चालूच. पेटीचा प्लग भिंतीतून ओढला. दिवा चालूच. चांगला शांतपणे लुकलुकत होता, पलीकडे कुणीतरी बोलत असलं की लुकलुकतो तसा. असं काही पाहिलं की माणूस घाबरतो म्हणतात. मला तर झोप आल्यासारखं झालं. मी खुर्चीत बसून किती वेळ त्याच्याकडे बघत राहिलो कोण जाणे. मग वाटलं, खांबावर कुणी चोरून जोड घेतला असेल, चढून बघू. शिडी ताईकडे राहिली होती. म्हणून गेलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची एकुलती मुलगी चार वर्षांपासून परदेशात नोकरी करते, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो. भावजी गेल्यापासून ताईला तिच्याशिवाय कुणी नाही, आणि मी आहे तो मोजण्यात येत नाही.

चार वाजले होते. दार लोटलेलं होतं. उन्हाचा पट्टा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडला होता आणि त्या पट्ट्यात ताई पाटावर बसली होती. डब्याला टेकवलेला मोबाइल समोर, आणि मोबाइलमध्ये भिंगरी.

"मामा आला बघ!" ताई म्हणाली. "ये रे, आज किती स्वच्छ दिसतेय!"

खरंच स्वच्छ दिसत होती. आवाज तुटत नव्हता, चित्र अडकत नव्हतं. माझ्या वायरीने तिला इतकं स्वच्छ कधीच दाखवलं नव्हतं. ती खिडकीशी बसली होती, मागे दुधासारखा पांढरा उजेड.

"काय मामा, जाड झालास!" ती म्हणाली.

"नेट बंद आहे..." मी ताईला हळूच म्हणालो.

"असेल तुमचं बंद," ताई म्हणाली. "आमचं चालू आहे."

"आई," भिंगरीने मध्येच विचारलं, "आपला ओटा कुठल्या रंगाचा गं?"

"काळा. विसरलीस? त्याच्यावर बसून डोकं खायचीस माझं."

"काळा," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. तहानलेल्या माणसाने पाण्याचा पहिला घोट घ्यावा तशी.

शिडी घेऊन परत आलो. खांबावर चोरटा जोड नव्हता. दारामागे चिकटवलेल्या यादीवर बोट फिरवलं. एकतीस : ताई.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी काही काम नसताना गेलो. भिंगरी विचारत होती, "शाळेत मी कुठल्या रस्त्याने जायचे?" ताईने पिठाच्या गिरणीपासून सगळा रस्ता सांगितला, कुठलं कुत्रं अंगावर यायचं तेसुद्धा. तिसऱ्या दिवशी, "माझ्या गुडघ्यावरची खूण कशाची?" ती मी सांगितली. माझ्याच शिडीवरून पडली होती, सात वर्षांची असताना. टाके पडले होते.

"हो," ती म्हणाली. "आणि तू दवाखान्यामागे जाऊन रडला होतास."

रडलो होतो हे खरं. पण ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री मला विचित्र शांत झोप लागली. स्वप्नात आमची अख्खी गल्ली पाण्याखाली होती आणि घराघरातून हिरवे दिवे लुकलुकत होते. सकाळी उठलो तेव्हा ठरवलं, ताईच्या घरात जाणारी वायरच तोडायची. पक्कड घेऊन गेलो. ताई दारात आडवी आली.

"हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"ताई, अगं, हे चालूच शकत नाही. मी स्वतः बंद केलंय. पलीकडे कोण आहे मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. माझी पोरगी आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार वर्षं रोज पाच मिनिटं बोलायची. जेवलीस का, झोपलीस का, ठेवते. तिला आमची आठवण राहिली नाही असं मी धरून चालले होते. आता स्वतःहून विचारते, तास तास. माझ्याकडून हे काढून घेऊ नकोस रे."

मी पक्कड खिशात घातली. भाऊ म्हणून घातली, नेटवाला म्हणून नव्हे. संध्याकाळी साहेबांना फोन केला.

"सगळं बंद?"

"सगळं बंद," मी म्हणालो. समोर दिवा लुकलुकत होता.

असे अकरा दिवस गेले. दिवस कसले, एक लांबलचक दुपारच होती ती. कुणाला काही काम नव्हतं. लोक ओट्यांवर बसून हातातल्या मोबाइलवर उगाच बोट फिरवत होते. मी चारची वाट बघायचो. होय, मीसुद्धा. भीती वाटायची आणि तरी जायचो, कारण ती विचारायची आणि सांगताना आपल्यालाच किती बरं वाटायचं! तिच्या वडिलांचा आवाज कसा होता. घरातली पहिली सायकल कुठली. आम्ही सांगायचो आणि तिचा चेहरा रोज थोडा भरत जायचा. दहाव्या दिवशी तिने मला विचारलं, "मामा, तू मला काय म्हणून हाक मारायचास?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं का?

अकराव्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. हुकूम उठला. मी मेन वायर लावली, घरघर सुरू झाली, अठ्ठेचाळीस दिवे लागले. आणि माझ्या मोबाइलवर अकरा दिवसांचे निरोप एकामागून एक येऊन पडायला लागले. बहुतेक एकाच नंबरावरून. भिंगरीच्या.

"मामा, आईचा फोन लागत नाही." "मामा, चार दिवस झाले, कुणाचाच आवाज नाही." "मामा, काहीतरी होतंय मला, तुम्ही कुणीतरी बोला." "सुट्टी घेतली. विमानात बसतेय." आणि शेवटचा, त्याच सकाळचा : "शहरातून बस धरते. स्टँडवर घ्यायला ये."

मी निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचले. माझी भाची अकरा दिवस आमचा आवाज ऐकायला तडफडत होती. मग चार वाजता आम्ही जिला सगळं सांगत होतो, ती कोण होती?

ताईला फोन करायची हिंमत झाली नाही. नेट सुटलं म्हणजे रस्तेही सुटले असणार असं धरून मी स्टँडकडे निघालो. पोहोचलो तेव्हा साडेचार होत होते. स्टँड जवळजवळ रिकामं. ऊन पिवळं झालं होतं. शेवटच्या बाकावर ती बसली होती, पायाशी बॅग, हात मांडीवर. वाळली होती. पण तीच होती.

"भिंगरे!"

तिने वर बघितलं. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी सौजन्याने हसली.

"तुम्ही मला न्यायला आलात का?"

मी तिच्या शेजारी बसलो.

"रागावू नका," ती म्हणाली. "घरी पोहोचलं की आठवेल असं वाटलं होतं. रोज काहीतरी जातंय. आधी स्वयंपाकघर गेलं. मग शाळेचा रस्ता. ही गुडघ्यावर खूण आहे ना... ही कशाची, ते. काल माझी हाक गेली. आता तुम्ही काहीतरी म्हणालात, ते मला उद्देशून होतं का?"

एकेक, आणि त्याच क्रमाने. आम्ही प्रेमाने जे जे मोबाइलमध्ये ओतलं होतं, ते इथून, या पोरीमधून उपसलं गेलं होतं. मला असा संताप आला म्हणून सांगू! त्या पांढऱ्या उजेडातल्या चेहऱ्याचा, माझा, त्या दिव्याचा. मी तिचा हात हातात घेतला. हात गार होता.

"ऐक," मी म्हणालो. "तुमचा ओटा काळा आहे."

आणि सांगत सुटलो. गिरणी, कुत्रं, शिडी, टाके, वडिलांचा आवाज. ती ऐकत होती, ओठ थोडे उघडे ठेवून. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या गालांवर रंग चढत होता. हात ऊबदार होत होता. मध्येच ती हसली, अगदी भिंगरीसारखी. मला रडू फुटलं, आणि आनंदाने फुटलं, हे कबूल करतो.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला, भावजींच्या जुन्या नंबरावरून. ताई.

"तू कुठे आहेस?" तिचा आवाज खाली गेला होता. "इथे बघ ना काहीतरी... ही मघापासून चांगली बोलत होती. आता रडतेय. मला विचारतेय... मला विचारतेय, तुम्ही कोण?"

मी शेजारी बसलेल्या मुलीकडे बघितलं.

"म्हणतेय, कुणीतरी माझं सगळं काढून घेतंय. अकरा दिवस मी धरून ठेवलं होतं म्हणतेय, तुम्ही सांगत होतात म्हणून राहिलं होतं... अरे, ऐकतोयस ना? तू कुणाला काही सांगतोयस का?"

पलीकडून, ताईच्या आवाजामागून, रडणं ऐकू येत होतं. लहानपणी शिडीवरून पडली तेव्हाचं रडणं. ते मी कुठेही ओळखेन.

"थांब!" ताई म्हणाली. "तुझ्या पाया पडते. जे काय करतोयस ते थांबव!"

त्याच वेळी स्टँडच्या फाटकातून धूळ उडवत एक गाडी आत आली. मूठभर माणसं उठून उभी राहिली. खिडकीतला कारकून बाहेर येऊन ओरडला, "आली एकदाची! शहराची गाडी! अकरा दिवसांनी पहिली गाडी!"

मी बाकावर बसूनच राहिलो. फोनमधलीच माझी खरी भाची असेल, तिला विसर पडत होता म्हणून ती चार वाजता विचारत होती आणि आम्ही तिला भरत होतो, असंही असू शकतं. आणि मग आत्ता हे मी काय केलं? दोघींपैकी कुणाला रितं केलं आणि कुणाला भरलं, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. फोनमध्ये ताई रडत होती. आता दुसरं रडणं ऐकू येत नव्हतं.

शेजारच्या मुलीने गाडीकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तिने माझी बाही धरली. हात छान गरम होता.

"मग?" ती म्हणाली. "पुढे सांग ना, मामा."