तीन वाजून दहा मिनिटांची नोंद

"मी खोटी नोंद केलेली नाही," मुलगी म्हणाली आणि मग बसली.

बहुतेक लोक आधी बसतात, मग रडतात आणि बोलायला शेवटी लागतात. पॉलिक्सेनी व्रेत्तूला हा उलटा क्रम आवडला. तिनं खिडकी लावून घेतली. ग्रीसमधल्या वोलोसच्या बंदरावरून फेब्रुवारीत येणारा वारा अशिलांना लवकर पळवून लावतो.

"भाऊजी, कॉफी."

स्ताथिस उठला. पॉलिक्सेनीच्या गेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. तीस वर्षं त्यानं बस चालवली होती. आता वहिनीच्या तपासकामात तो टिपणं घ्यायचा. वही सापडली नाही, तर तळहातावर.

मुलीचं नाव असिमिना कुर्तिदू. गावातल्या मोठ्या इस्पितळात ती सूक्ष्मजीवतज्ज्ञ व्हायचं शिकत होती, तिसरं वर्ष. दहा फेब्रुवारीला दुपारी कोस्मास व्लाहावास नावाचा आचारी तापानं फणफणून दाखल झाला. मान ताठ. मणक्यातलं पाणी काढून खाली प्रयोगशाळेत पाठवलं. असिमिनानं त्याचा थेंब काचेवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"जोडीजोडीनं होते जंतू. जांभळे, ठसठशीत. मेंदूज्वर. मी लगेच वॉर्डात फोन केला. तीन वाजून दहा."

"कोणी घेतला?"

"पुरुषाचा आवाज. 'बरं, बरं' म्हणाला. मागे गलका होता. 'उदंड आयुष्य!' असं कुणीतरी ओरडत होतं." ती थांबली. "नाव विचारायचं असतं. वहीत तेवढाच रकाना रिकामा राहिला."

औषध रात्री अकराला सुरू झालं. आचारी पहाटे पाचला गेला. वॉर्डाचं म्हणणं, फोन आलाच नाही. दोन दिवसांनी, वाढीसाठी ठेवलेल्या ताटलीत जंतू उगवला, त्याबद्दल वाद नव्हता. वाद काचेबद्दल होता. विभागप्रमुखांनी ती पुन्हा तपासली, तर तिच्यावर एकही जंतू नाही.

"म्हणून ते म्हणतात, दिसलंच नाही तर फोन कसला केलास? माणूस मेल्यावर नोंद घुसडलीस. शुक्रवारी समिती आहे. माझं नाव नोंदणीतून काढतील. खटलाही होईल."

"काच तू पाहिलीस?"

"मला आत येऊ देत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो तेवढा दाखवला. पांढऱ्या पेशी दोन-चार, बाकी काही नाही. ती माझी काच नाही हो, बाई. पण हे मी कुणाला सांगू?"

ती गेल्यावर स्ताथिस म्हणाला, "पोरगी गोड आहे. पण चुकली असेल. त्या दिवशी मीही शुद्धीवर नव्हतो. आपल्या चुलतभावाचा, लाम्बीचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. संत हारालाम्बोस. तीन प्लेट कोकरू खाल्लं मी."

"आठवतंय. रात्रभर सोडा मागत होतात."

*

प्रयोगशाळेत वासो भेटली. एकतीस वर्षं काचा रंगवणारी तंत्रज्ञ, हाताची बोटं कायमची जांभळी. सगळे शिकाऊ तिला वासोमावशी म्हणत. टेबलाला सुतळीनं एक पेन्सिलीचं थोटूक बांधलेलं होतं. त्यानं तिनं काचेच्या दुधी कडेवर आकडा लिहिला, मग रंग ओतला, मग वरून स्पिरिट.

"मुलगी हुशार आहे," वासो म्हणाली. "माझ्या हाताखाली शिकली. तिनं सांगितलं जंतू आहेत, म्हणजे आहेत."

"मग काचेवर का नाहीत?"

"मला दाखवलीये कुठं? मृत्यूच्या सकाळीच सरांनी, विभागप्रमुखांनी, पेटी कपाटात घातली. किल्ली त्यांच्याजवळ."

स्ताथिस तळहातावर 'किल्ली' लिहीत होता. वासोचा हात हलला, स्पिरिटचे शिंतोडे उडाले आणि किल्ली निळी होऊन मनगटावरून ओघळली.

"अरे देवा! पेन कशाला आणलंत इथं? पहिल्याच दिवशी सर शिकाऊंना दम देतात, पेन दिसलं तर खिडकीतून फेकीन म्हणून."

"मग तुमचं ते थोटूक?"

"ते स्पिरिटला दाद देत नाही. खोडरबरालाच काय ती भिते पेन्सिल."

"मावशी," पॉलिक्सेनीनं विचारलं, "वॉर्डातले डॉक्टर आणि तुमचे सर, जमतं का?"

वासोनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर देलिदिमोसच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट सरांनी बदलले. कुंबारोस, म्हणजे लग्नातले धर्मबंधू, आहेत ते त्याचे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुंबारोसशी नाही."

*

विभागप्रमुख क्लेआंथिस मानियातिस उंच, थकलेले आणि सौजन्यशील होते. पंचवीस वर्षं ते शिकवत होते. भिंतीवर दरवर्षीच्या शिकाऊंचे फोटो होते.

"लपवण्यासारखं काही नाही, बाई." त्यांनी कपाटातून लाकडी पेटी काढली, एक काच उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "हा रुग्णाचा क्रमांक. ही तिची आद्याक्षरं."

स्ताथिसनं डोळे बारीक करून वाचलं, "अ. कु. निळ्या शाईत. अक्षर सुरेख आहे हो."

"सुरेख अक्षरानं माणूस वाचत नाही," सर म्हणाले आणि काच पेटीत ठेवली.

पेटीत त्या दिवसाच्या काचा ओळीनं उभ्या होत्या. नवव्या खाचेत काही नव्हतं.

"ही कुठं गेली?"

"एका तान्ह्या बाळाची होती. त्याच्याही मणक्यातलं पाणी आलं होतं. निर्दोष निघालं, बाळ घरी गेलं. फुटली असेल. काचा फुटतात."

"पेटी आणखी कोणी हाताळली?"

"मी कुणाला अडवलेलं नाही. वॉर्डाच्या डॉक्टरलासुद्धा मीच बोलावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाम्बी इथं तासभर बसला होता, स्वतःच्या डोळ्यांनी बघत. मी खाली कॉफी प्यायला गेलो. याहून पारदर्शक काय असतं?"

"आणि तुम्ही कधी तपासलीत?"

"त्यानंतरच्या सकाळी. अहवालावर माझी सही आहे."

*

डॉक्टर देलिदिमोस दोन मजले वर, वॉर्डाच्या खोलीत भेटले. चाळिशीचे, डोळ्यांखाली काळं. खिशाला तीन पेनं.

"त्या दिवशी मी बाह्यरुग्ण विभागात होतो. वर आलो ते संध्याकाळी सहाला. फोन आला असता तर परिचारिकेनं सांगितलं असतं. मला काय तो माणूस मारायचा होता?"

"तसं कुणीच म्हणत नाही, डॉक्टर."

"शिकाऊ मुलं आहेत, चुकतात. आपण सगळेच चुकलो शिकताना. पण वहीत खोटं लिहायचं?" त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, पेनानं उगाच एक रेघ मारली. "माफ करा, माझी फेरी आहे."

परतताना पॉलिक्सेनी इस्पितळासमोरच्या मिठाईच्या दुकानात शिरली. स्ताथिसचा चेहरा उजळला.

"संतांच्या दिवशी वॉर्डात पेट्या जातात ना तुमच्याकडून?" तिनं मालकिणीला विचारलं.

"जातात की. दुपारी अडीचचा फेरा. मी स्वतः नेते. आणि ज्याचा नामदिन त्याच्याच हातात देते, नाहीतर परिचारिका आधीच फस्त करतात."

"यंदा हारालाम्बोसला?"

"एकच पेटी. मोठी."

पॉलिक्सेनीनं स्ताथिसला बदामाचं एक बिस्कीट घेऊन दिलं. तो खूश झाला. त्याला वाटलं, आपण बिस्किटासाठी आलो होतो.

*

शुक्रवारी सकाळी, समिती बसायच्या तासभर आधी, मानियातिस सरांच्या खोलीत पाच जण होते: सर, देलिदिमोस, वासो, असिमिना आणि दारापाशी स्ताथिस. त्यांच्यासमोर पॉलिक्सेनी उभी होती.

"सर, तेवढी काच पुन्हा दाखवा. या वेळी हिला."

सरांनी हात हलवला नाही. तेव्हा समितीसाठी टेबलावर काढून ठेवलेली पेटी तिनंच उघडली आणि काच असिमिनापुढे धरली.

मुलीनं ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. "शाई!" ती म्हणाली. "मावशी, बघा, शाई!"

वासोनं पाहिलं आणि ती खाली बसली.

"मला कुणी समजावून सांगेल का?" स्ताथिस म्हणाला.

"भाऊजी, तुमच्या हातावरची किल्ली कुठं गेली?"

"वाहून गेली."

"स्पिरिटनं. प्रत्येक काच रंगवताना स्पिरिटखालून जाते. नाव आधी लिहिलं जातं, रंग नंतर चढतो. या काचेवर शाईनं आधी लिहिलं असतं, तर आज अक्षर उरलं नसतं. इथं अक्षर सुरेख आहे, तुम्हीच म्हणालात. म्हणजे ते काच रंगवून झाल्यावर लिहिलंय. आधीचं, पेन्सिलीचं, कुणीतरी खोडरबरानं पुसलं."

"आधीचं कुणाचं?"

"नवव्या खाचेतल्या बाळाचं. तेही मणक्यातलं पाणी. निर्दोष, जंतू नसलेलं. कोस्मासच्या जागी ठेवायला त्याहून चांगली काच मिळाली नसती. कोस्मासची खरी काच बहुधा समुद्रात असेल."

"पण कुणी केलं हे?"

"पेटी कपाटात गेल्यानंतर ती फक्त दोघांच्या हातात होती. सरांनी लिहिलं असतं, तर सवयीनं पेन्सिल उचलली असती; पेन खिडकीतून फेकणारा माणूस. या इमारतीत खालच्या मजल्यावर कुणालाही ही चूक करता येणार नाही. ही चूक वरच्या माणसाची. ज्याच्यासाठी काच म्हणजे खालून येणारा एक कागद."

देलिदिमोसनं खिशावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"तुम्ही सांगितलंत, सहाला वर आलात. पण फोनमध्ये या मुलीनं तीन वाजून दहाला 'उदंड आयुष्य' ऐकलं, नामदिनाची शुभेच्छा. दहा फेब्रुवारी, संत हारालाम्बोस. दारावर तुमचं नुसतं आडनाव आहे, त्यामुळे हिला ते सुचलं नाही. सर मात्र तुम्हाला लाम्बी म्हणतात, म्हणजे तुम्हीही हारालाम्बोस, आमच्या चुलतभावासारखं. मिठाईवालीनं अडीचला पेटी तुमच्या हातात दिली. मी काल पुन्हा जाऊन तिला तुमचा फोटो दाखवला. फोन तुम्ही घेतलात, डॉक्टर."



"एका हातात ताट होतं," देलिदिमोस म्हणाले. "मी 'बरं, बरं' म्हणालो. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही. अकराला आठवलं. अकराला, घरी, दात घासताना." त्यांनी खिशातली पेनं काढून टेबलावर ठेवली. "मला दोन मुली आहेत."

"त्या आचाऱ्यालाही दोन आहेत," वासो म्हणाली.

असिमिना त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सरांकडे बघत होती.

"सर, तुम्ही तपासलीत ना काच? सही आहे."

"हो."

"मग तुम्हाला पहिल्या क्षणी कळलं असणार."

सरांनी चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसता धरून ठेवला. "त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी उभा होतो, असिमिना. तू तरुण आहेस. मला वाटलं, तू दुसरं काहीतरी शिकशील."

"तीन वर्षं तुमच्याकडून शिकले मी," ती म्हणाली. "अजून काय शिकायचं राहिलं?"

*

समितीचं काम वीस मिनिटांत आटोपलं. असिमिनाचं नाव नोंदणीत राहिलं. देलिदिमोसचं प्रकरण वकिलांकडे गेलं, सरांनी आजारपणाची रजा टाकली. तिचं उरलेलं शिक्षण कोण पुरं करणार, यावर समितीतल्या कुणालाच बोलायचं नव्हतं.

बाहेर बाकावर काळ्या कपड्यातली एक बाई बसली होती. कोस्मासची बायको, झाम्बेता. तिला निकाल ऐकायला बोलावलं होतं, पण आत घ्यायचं विसरले होते.

"तू ती मुलगी?" ती उठून असिमिनापुढे आली. आवाजात राग नव्हता. "तू खरं बोललीस म्हणे."

"हो."

"म्हणजे तीनलाच तुला ठाऊक होतं, माझ्या माणसाला काय झालंय."

"हो. मी फोन केला."

"केलास ना. मग?"

"मग... मग मी नोंद केली. पुढची काच घेतली." असिमिनानं हातानं वर दाखवलं. "औषध वरचे देतात. आम्हाला तसंच..."

"तुमची प्रयोगशाळा कुठं आहे, वॉर्डापासून?"

"दोन मजले खाली."

झाम्बेतानं मान हलवली. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ती आता घरी जाऊन मुलींना सांगणार होती.

"लिफ्ट बंद होती का गं, बाळ?"

पॉलिक्सेनी पुढे झाली, काहीतरी म्हणायला. स्ताथिसनं आयुष्यात पहिल्यांदा तिला कोपराशी धरून थांबवलं.

"नाही," असिमिना म्हणाली. "चालू होती."