मिटलेली अळंबी

"पेशंट किरणांनी मरतोय, असं मी लिहून द्यावं म्हणून सकाळपासून लोक माझ्या मागे लागलेत," डॉक्टर फोनवर म्हणाले. "बाई, तुम्ही लगेच या. माणूस हातातून चाललाय."

अन्न-निरीक्षक बाईंनी चहा तसाच टेबलावर सोडला आणि गाडी काढली.

पेशंट म्हणजे विकिरण केंद्राचे साहेब. ताजी अळंबी दोन-तीन दिवसांत काळवंडते, म्हणून ती खोक्यांत भरून गॅमा किरणांखालून न्यायची आणि मग शीतगृहात ठेवायची, हे त्यांचं काम. अशी अळंबी दोन आठवडे टिकते. पण व्यापारी हात लावायला तयार नव्हते. "किरणं पोटात जातील," म्हणत होते. शेवटी साहेबांनी व्यापाऱ्यांच्या सभागृहात चूल मांडायला लावली, शीतगृहातलं जुनं खोकं आणवलं, सगळ्यांसमोर आचाऱ्याकडून अळंबी शिजवून घेतली आणि ताटलीभर एकट्यानं खाल्ली.

त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या.

"मग मध्ये एक दिवस छान गेला," दवाखान्याच्या जिन्यातच डॉक्टर सांगू लागले. "उठून बसले, पेपर वाचला. आज यकृतानं मान टाकली. मला विष वाटतंय, पण कशाचं? ते कळल्याशिवाय मी अंधारात बाण मारतोय."

"किरणांचा काही संबंध?"

"किरण दिलेल्या अन्नात किरणं शिल्लक राहत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण खाली फाटकाशी जमलेल्यांना कोण सांगणार?"

खोलीबाहेरच्या बाकावर साहेबांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळे ताई म्हणत. डोळे रडून कोरडे पडले होते.

"ताई, त्या दिवशी त्यांनी आणखी काही खाल्लं होतं?"

"नाही हो. उत्साहात सकाळची न्याहारीसुद्धा टाळली त्यानं." ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाई, मला राहून राहून आमचा राखणीचा कुत्रा आठवतोय. असंच झालं होतं त्याचं. आधी ओकला, मग बरा झाला, दूध प्यायला. आम्ही म्हटलं, वाचला. आणि मग डोळे पिवळे झाले. भावाला कुत्र्याची उपमा देतेय मी, जीभ झडो माझी."

"कधीची गोष्ट?"

"गेल्या पावसाळ्यातली. आमच्या गाड्यांच्या तळावर असायचा तो."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या निघाल्या.

केंद्राच्या फाटकावर घोषणा चालू होत्या. कुलूप ठोका, कुलूप ठोका. मागच्या दारानं इंजिनिअरनं बाईंना आत घेतलं. बिचाऱ्याची दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"खोकी आत येतात ती भरूनच. मास्तरीणबाई अळंबी पिकवतात, त्यांच्या शेडवरच भरतात आणि झाकण लावतात. आम्ही उघडत नाही. हा पिवळा ठिपका पाहा. किरणं लागली की लाल होतो."

"त्या खोक्यावर लाल होता?"

"लालभडक. मी स्वतः पाहिला."

त्यानं टेबलावर दोन तबकं ओढली. एकाच दिवशी खुडलेली अळंबी. एका तबकातल्या छत्र्या उघडून पसरल्या होत्या, देठ लांबले होते, छत्रीखालची झालर गडद तपकिरी पडली होती. दुसऱ्या तबकात बटणांसारखी घट्ट मिटलेली अळंबी, जरा पिवळसर, पण टुमटुमीत.

"किरणं लागली की वाढच थांबते," इंजिनिअर म्हणाला. "छत्री उघडतच नाही. शीतगृहाबाहेर काढून ठेवली तरी कितीतरी दिवस मिटलेली राहते."

"खोकं सभागृहात कुणी नेलं?"

"दाजींच्या थंड गाडीतून गेलं. ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून ते स्वतःच घेऊन गेले."

दाजी म्हणजे ताईंचे यजमान. साहेबांचे दाजी, म्हणून हळूहळू सगळ्या केंद्राचेच दाजी झाले होते. परिसरातली ताजी अळंबी रोज पहाटे शहरात पोचवायचा धंदा त्यांचा.

चौकीत फौजदार खुशीत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अळंबी पिकवणाऱ्या मास्तरीणबाई ताठ बसल्या होत्या. शाळा सोडून शेड घातलं, तरी खडू हातात असल्यासारख्या बोलायच्या.

"बाई, प्रकरण सरळ आहे," फौजदार म्हणाले. "विष असेल तर पिकवणारीनं घातलं. नसेल तर यंत्रानं मारलं. दोन्हीकडून कुलूप."

"माझ्या शेडमध्ये विष आहे की नाही, ते जाऊन तपासा," मास्तरीणबाई कडाडल्या. "इथे बसवून काय उजेड पडणार आहे?"

"उरलेलं खोकं कुठंय?" बाईंनी विचारलं.

"सील करून ठेवलंय. त्या फळीवर."

"शीतकपाटात नाही?"

"चौकीत शीतकपाट कुठलं, बाई? इथे पंखा चालला तरी पेढे वाटतो आम्ही."

सील तोडलं. वरचा थर आचाऱ्यानं वापरला होता. तळाशी मूठ-दोन मुठी अळंबी उरली होती. बटणं थोडी सुरकुतली होती, पण मिटलेली. त्यांच्यात तीन छत्र्या सपाट उघडून उभ्या होत्या, देठ लांब, नाजूक.

"ही तीन शिळी झाली," फौजदारांनी नाक मुरडलं.

बाईंनी हातमोजा चढवून एक छत्री उलटी केली. झालर पांढरीशुभ्र होती, दुधासारखी. मग तिन्ही छत्र्या पिशवीत घालून त्यांनी शिपायाच्या हाती दिल्या.

"डॉक्टरांकडे धावत जा. वाटेत कुठे थांबू नकोस. ते बघतील आणि त्यांना कळेल."

आचाऱ्याला बोलावलं होतं. तो दारातूनच रडायला लागला.

"आईशप्पथ सांगतो, तेल, मीठ, मिरी. चौथी वस्तू घातली नाही मी!"

"खोकं तुझ्या हातात कुणी दिलं?"

"दाजींनी."

"तू चव घेतलीस?"

"घेणार होतो की. मीठ बघायला चमचा तोंडाशी नेला, तर दाजींनी मनगट धरलं. म्हणाले, साहेबांच्या आधी उष्टं करतोस होय रे? मला लाजच वाटली. माणूस रीतभात पाळणारा."

"आणि कढईत उरलेलं?"

"कुणी खायला पुढेच येईना. दाजी म्हणाले, ओतून दे मोरीत. ओतलं, कढई घासली."

दाजींच्या गाड्यांच्या तळावर बाई पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. रिकाम्या थंड गाड्या रांगेनं उभ्या होत्या. ग्रीसचे डाग, फाटके टायर, चिंध्या. वर्षभरात कुणी झाडू फिरवला नसावा. फक्त कुंपणाशी उभ्या असलेल्या जुन्या झाडांखालची जमीन लख्ख लोटलेली होती. पाला एका कोपऱ्यात जाळलेला, राख अजून ताजी.

दाजी स्वतः खुर्ची घेऊन आले. भला, बोलका माणूस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"कसा आहे तो?"

"जगेल, असं वाटतंय. कारण समजलं की उपचार करता येतात."

दाजींनी खुर्चीची पाठ धरली. "कारण? किरणंच ना?"

"तुम्हाला वाटते का किरणांची भीती?"

"छे! माझ्या घरी दुसरी अळंबी शिजतच नाही. मी तर व्यापाऱ्यांना सांगून थकलो."

"मग त्या दिवशी तुम्ही नाही खाल्ली?"

"माझं पोट बरं नव्हतं."

"आता धंदा कसा चाललाय?"

ते हसले, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "माल दोन आठवडे टिकायला लागला, तर रोज पहाटे गाडी कशाला पळवायची? सांगा ना तुम्हीच. मेव्हण्याच्या यशाचे पेढे वाटायचे आणि घरी येऊन ड्रायव्हरांना कामावरून काढायचं."

"हं. चला माझ्याबरोबर दवाखान्यात. ताई तिथे एकट्याच आहेत."

डॉक्टरांच्या खोलीत फौजदार आणि मास्तरीणबाई आधीच आल्या होत्या. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दाजी जाऊन त्यांच्याशेजारी उभे राहिले. डॉक्टरांनी बाईंकडे पाहून मान हलवली.

"तुमची शंका खरी ठरली. रानातली विषारी अळंबी. लहान असताना अगदी ह्या पांढऱ्या बटणांसारखी दिसते. औषध सुरू केलंय."

"म्हणजे शेडमध्येच उगवली!" फौजदार मास्तरीणबाईंकडे वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मास्तरीणबाईंनी ती भरली असती, तर ती झाकणाआड बाकीच्यांबरोबर किरणांखालून गेली असती. आणि किरणांखालून गेलेली अळंबी वाढत नाही. चौकीच्या उकाड्यात बटणं मिटूनच राहिली. ह्या तिघी मात्र उमलल्या. त्यांना किरणं लागलीच नव्हती. म्हणजे त्या खोक्यात नंतर शिरल्या, ठिपका लाल झाल्यावर."

डॉक्टरांच्या टेबलावरची एक छत्री बाईंनी उलटी केली.

"झालरही पाहा. शेडमधली अळंबी उघडली, की खालून तपकिरी असते. ह्यांची पांढरी. आता प्रश्न उरतो, कुणी घातल्या? शीतगृहातून चुलीपर्यंत ते खोकं एकाच माणसाच्या ताब्यात होतं. पण नुसत्या ताब्यावरून मी कुणावर बोट ठेवलं नसतं."

"बाई, काय बोलताय?" दाजींचा आवाज चिरका झाला.

"तुम्ही आचाऱ्याचा हात धरलात. किरणांना घाबरणारा माणूस तसं करेल, मी समजू शकते. पण तुम्ही घाबरत नाही. तुमच्या घरी हीच अळंबी शिजते, तुम्हीच म्हणालात. मग ह्या एका कढईची भीती का वाटली? आचाऱ्याशी तुमचं काही वाकडं नव्हतं. तो मरू नये, एवढी माणुसकी तुमच्यात उरली होती. व्यापारी पुढे आले असते, तर त्यांचं काय केलं असतंत, देव जाणे."

"माझ्याकडे विषारी अळंबी कुठून येणार?"

"तळावरच्या झाडांखालून. सगळा उकिरडा तसाच ठेवून तेवढाच तुकडा तुम्ही झाडलात, पाला जाळलात. तुम्हाला साहेबांचं यश नको होतं. किरणांच्या नावावर ते आजारी पडले, की केंद्राला कुलूप लागणार आणि तुमच्या गाड्या पुन्हा पळणार."

फौजदारांनी दार अडवलं. दाजी खुर्चीत बसले, की कोसळले, सांगणं कठीण होतं.

"मला वाटलं, नुसतं पोट बिघडेल," ते ताईंकडे पाहून म्हणाले. "दोन दिवस उलट्या होतील, लोक घाबरतील, संपलं. देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस कुठून आला ते आठवत होत्या.

"कुत्रा त्याच झाडांखाली तोंड घालत होता," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "मी विचारलं होतं, काय खाल्लं असेल हो त्यानं? तुम्ही उरलेल्या छत्र्या दाखवल्यात मला. त्याला पुरायला खड्डा तुम्हीच खणलात."

दाजींनी मान खाली घातली, ती पोलिसांच्या गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.

मास्तरीणबाई त्याच पावली शेडकडे गेल्या. खुडायची अळंबी खोळंबली होती. फाटकावरची गर्दी पांगवायला फौजदारांना स्वतः जावं लागलं, आणि केंद्राला कुलूप ठोकण्याची, आदल्या दिवशी त्यांना दिलेली आश्वासनं गिळताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

साहेबांच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला बरेच दिवस लागले. डॉक्टरांनी ताईंना बजावलं होतं, की त्यांना एवढ्यात काही सांगू नका. बाई भेटायला आल्या त्या दुपारी साहेबांनी पहिल्यांदा उशीला टेकून पेज घेतली. मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "ताई, दाजी नाही आले एकदाही?"

बाई उठून जाऊ लागल्या. ताईंनी त्यांना हातानंच थांबवलं. वाटी खाली ठेवली, भावाचे ओठ पुसले.

"त्यांनीच घातलं होतं रे ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या कढईत."

सलाईनचा हात हलवता येईना, म्हणून साहेबांनी दुसरा हात पुढे करून बहिणीचं मनगट धरलं.

"तू जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे ताई हुंदके देऊन रडल्या.